शेवटचं कडवं कुठं गेलं?
वामनदादा कर्डक : लिहिणारा, पार्टी बांधणारा, गळे घडवणारा

एकलहऱ्यात १४ एप्रिलची मिरवणूक निघते तेव्हा थर्मलची घरघर बुडून जाते. ट्रॅक्टरवर डीजेच्या पेट्या रचलेल्या असतात, पोरं घामानं निथळत नाचतात, आणि पेट्यांतून गाणं फुटतं ते बहुतेक वेळा वामनदादांचं असतं. मुखडा वाजतो, पहिलं कडवं वाजतं, मग ठेका वाढतो, मुखडा पुन्हा येतो आणि गाणं संपतं. दुसरं गाणं सुरू. ह्या सगळ्यात एक गोष्ट रोज घडते आणि आपल्या ध्यानातही येत नाही. गाण्याचं शेवटचं कडवं वाजतच नाही.

नाचणाऱ्या एका पोराला मी विचारलं, गाणं कुणाचं रे? त्यानं गायकाचं नाव सांगितलं. दुसऱ्यानं डीजेवाल्याचं सांगितलं. तिसरा म्हणाला, 'आपल्या समाजाचं.' तिसऱ्याचं उत्तर ऐकायला फार गोड आहे. पण मित्रहो, ह्या गोड उत्तरातच एक माणूस गाडला गेलाय. आणि त्याला गाडताना कुदळ कुणा प्रस्थापितानं मारलेली नाही, आपणच मारलीय.

हा लेख म्हणजे श्रद्धांजली नाही. वामनदादांना हार घालणारे पुष्कळ आहेत. मला त्यांच्या कामाची समीक्षा करायचीय. म्हणजे काम नेमकं काय होतं, ते कसं चालायचं, त्यात बळ कुठं आणि कच्चं कुठं, हे बघायचंय.

आपल्या समीक्षेची फळी

दलित साहित्याची समीक्षा आपण कशी वाचतो? 'अस्मितादर्श'पासून सुरुवात, मग बाबुराव बागूल, मग नामदेव ढसाळ, 'गोलपिठा' १९७२, मग आत्मकथनं. हे सगळं बरोबरच आहे. बागूल तर आमच्या शेजारचे, विहितगावचे. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा. एकलहऱ्याहून विहितगावला सायकलवर जाता येतं. अशा मुलखात आम्ही वाढलो, त्याचा आम्हाला अभिमान आहे.

पण एक विचारतो. ज्या वस्तीत बागुलांचं पुस्तक पोचलं नाही, त्या वस्तीत बाबासाहेब कुणी पोचवले? जिथं अक्षरओळख नव्हती तिथं घटना, धम्मदीक्षा, चवदार तळं, काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह, येवल्याची १९३५ ची घोषणा हे सगळं आयाबायांना तोंडपाठ कसं झालं? गाण्यानं झालं. तरीसुद्धा आपल्या समीक्षेत गाण्याला जागा किती? प्रस्तावनेत एक ओळ, 'लोककवींचेही योगदान मोठे आहे' अशी. बस. प्रस्थापितांच्या सौंदर्यशास्त्रानं आपल्याला फळीवरून खाली ढकललं म्हणून आपण ओरडलो. मग आपण आपली नवी फळी ठोकली. तिच्यावर मुक्तछंद ठेवला, आणि यमकाचं गाणं ठेवलं खाली, जमिनीवर. लोकगीत म्हणून. लोकगीत म्हटलं की लिहिणाऱ्याचं नाव विचारायची गरज उरत नाही.

देशवंडी ते मुंबई

माणूस कोण होता हे थोडक्यात सांगतो, कारण त्याच्या कामाचा आकार त्याच्या आयुष्यातनंच आलाय.

वामन तबाजी कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, गाव देशवंडी, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक. म्हणजे आपल्याच जिल्ह्याचं कोरडवाहू रान. तिथनं मुंबई. गिरणीत काम केलं, कोळशाच्या वखारीत केलं, चिक्की विकली, आइसफ्रूट विकलं. कोळसा हा शब्द एकलहऱ्याच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. १९७० साली इथला पहिला संच सुरू झाला तेव्हापासून ह्या गावाची भाकरी कोळशावर भाजलीय. १४० मेगावॅटचे ते जुने दोन संच आता बंद झालेत, २१० चे तीन त्यांच्यानंतरचे. पण नखातली काळी रेघ तीच.

मुंबईत शिवडीच्या चाळीत असताना एकानं वामनदादांना पत्र वाचायला दिलं. वाचता येईना. त्या शरमेनं माणूस रडला, आणि तिथनं शिकायला लागला. समता सैनिक दलात होते, तिथले देहलवी मास्तर त्यांना भेटले, त्यांनी अक्षरं गिरवून घेतली. जोडाक्षरं शिकले ती दुकानांच्या पाट्या वाचून. सिनेमात नट व्हायचंही वेड होतं, ते काही जमलं नाही. १९४३ साली एका हिंदी सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर विडंबन रचलं, ते त्यांचं पहिलं गाणं. त्याच वर्षी बाबासाहेबांना पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर हा माणूस थांबला नाही. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका' ह्या गाजलेल्या चित्रपटात त्यांचं गाणं आहे. 'वाटचाल' १९७३, 'मोहळ' १९७६, 'हे गीत वामनाचे' १९७७ हे गीतसंग्रह. 'माझ्या जीवनाचं गाणं' १९९६. वर्ध्याला १९९३ साली झालेल्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. १५ मे २००४ ला नाशकात शेवट.

पाट्या वाचून शिकलेला माणूस संमेलनाचा अध्यक्ष झाला, हे वाक्य भाषणात टाळ्या घेतं. मी टाळ्यांसाठी सांगत नाही. पाटी वाचून शिकलेल्या माणसाला कळलेलं असतं की शब्द मोठा असावा, लांबून दिसावा, चालत्या माणसाला वाचता यावा. वामनदादांच्या गाण्याची घडण तशीच आहे.

पहिलं काम : रचना

वामनदादा उसन्या चालीवर लिहायचे, ही त्यांच्यावरची नेहमीची टीका. सिनेमाची चाल, कव्वालीची चाल, तमाशातली चाल. आमच्यातले शिकलेले मित्रही नाक मुरडतात. म्हणतात, ह्यात निर्मिती कुठाय?

जरा हिशेब करून बघा. नवी चाल बांधायची तर संगीतकार लागतो, वादक लागतात, तालीम लागते, आणि ती चाल लोकांच्या कानात बसायला वर्ष जातं. सिनेमाची चाल दुसऱ्याच्या खर्चानं आधीच प्रत्येकाच्या कानात बसलेली असते. पानटपरीवर, लग्नात, रेडिओवर. तिच्यात आपले शब्द भरले की लोकांना फक्त शब्दच नवे. म्हणजे त्यांचं सगळं ध्यान शब्दावर. हाती छदाम नसलेल्या चळवळीनं ह्याच्याहून स्वस्त आणि ह्याच्याहून वेगवान छापखाना कुठनं आणायचा? जुन्या गाण्यांच्या पुस्तिका काढून बघा, प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर 'चाल :' असं लिहून सिनेमाच्या गाण्याचं नाव दिलेलं असतं. त्यात लपवाछपवी नाही. उसनं घेतलं ते सांगून घेतलं.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण समीक्षा म्हणजे वकिली नाही. उसन्या चालीची किंमत मोजावी लागते. मात्रा आधीच ठरलेल्या असतात. ओळ कुठं मोडायची, लांब सूर कुठं धरायचा, हे दुसऱ्यानं ठरवलेलं असतं. मग रिकामी जागा भरायला भरतीचे शब्द येतात. यमकासाठी अर्थ वाकवावा लागतो. भराभर लिहिणाऱ्याच्या हातून हे जास्त होतं, आणि वामनदादा अफाट लिहायचे. त्यांच्या ढिगात निव्वळ जयंतीपुरती, मागणी आली म्हणून लिहिलेली गाणी आहेत. ती बाजूला ठेवायला लाजू नये. सगळंच सोनं म्हणणारा खऱ्या सोन्याचंही नुकसान करतो.

मग खरं सोनं कुठं? माझ्या मतानं तीन ठिकाणी.

एक, जिथं ते भांडवलदारांची नावं घेऊन, सरळ चौकशी केल्यासारखं, ह्या धनात आमचा हिस्सा कुठाय असं विचारतात. जातीचं दुखणं आणि पोटाचं दुखणं वेगळं करून दाखवायची हौस पुष्कळांना आहे. वखारीत राबलेल्या माणसानं दोन्ही एका मुखड्यात आणली. त्यासाठी त्यांना कुठला जाहीरनामा वाचावा लागला नाही.

दोन, जिथं ते आपल्यालाच धारेवर धरतात. बाबासाहेबांच्या मताची खरी माणसं बोटावर मोजण्याइतकी जरी असती तरी चित्र वेगळं दिसलं असतं, असं ते भर जयंतीत, त्याच लोकांच्या तोंडावर गाऊन दाखवतात. रिपब्लिकन पक्ष १९५७ ला निघाला आणि त्याच्या चिरफळ्या होत गेल्या, हे ज्यांनी पाहिलं त्यांना हे गाणं टाळ्या वाजवायला लावत नाही, मान खाली घालायला लावतं. बिदागी देणाऱ्या मंडळासमोर बसून मंडळालाच सुनावणं ह्याला मी विद्रोह म्हणतो.

तीन, जिथं ते बाबासाहेबांना आभाळात न बसवता घरात आणतात. चूल, बाळंतपण, मजुरी, शाळेची पाटी, ह्यांच्यात बाबासाहेब काय बदलून गेले हे मोजून दाखवतात. उलट, जिथं नुसता उद्धारकर्ता येतो, नुसती आरती होते, तिथं गाणं पातळ होतं. देव नाकारलेल्या चळवळीनं गाण्यातनं नवा देव बसवला, हा आपल्या सगळ्या गायनपरंपरेवरचा ठपका आहे आणि वामनदादा त्यातनं पूर्ण सुटत नाहीत. बाईच्या चित्राचंही तसंच. आई आणि रमाई ह्यांच्यापलीकडची, स्वतः मोर्चात उतरलेली, स्वतः बोलणारी बाई ह्या परंपरेत कमी भेटते. प्रत्यक्षात ती मोर्चात होती. गाण्यात तिला पुरती जागा मिळाली नाही.

दुसरं काम : पार्टी बांधणं

गाणं कागदावर लिहून झालं म्हणजे काम चौथाई झालं. उरलेलं काम पार्टीचं.

नाशिक जिल्ह्याला ह्याची जुनी सवय. सत्यशोधक जलशांची परंपरा होती, तिच्यातनं १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसा उभा राहिला. त्यातलं मोठं नाव भीमराव कर्डक, तेही आपल्याच जिल्ह्याचे. त्यांचं 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक १९७८ चं. ते प्रत्येकानं वाचावं. जलशात गाणं होतं, सोंग होतं, संवाद होते, दहा-पंधरा माणसांचा मेळ लागायचा. पुढं गायनपार्टी आली ती आटोपशीर. एक पेटी, एक ढोलकी किंवा तबला, कधी बुलबुलतरंग, मुख्य गाणारा आणि मागं कोरस धरणारे दोघं-तिघं. एसटीच्या टपावर सगळा संसार बसायचा. दोन पार्ट्या समोरासमोर बसल्या की सामना, सवालजवाब, आणि रात्र फाटेस्तोवर कुणी उठायचं नाही.

आज सिनेमावाले ज्याला निर्माता म्हणतात त्याचं सगळं काम पार्टीच्या म्होरक्याला करावं लागायचं. ढोलकीवाल्याला पाळी सोडवून आणायचं. पेटीचा भाता फाटला तर चिकटवायचा. मंडळाशी बिदागी ठरवायची, अर्धी आधी मागायची, आणि नाही मिळाली तरी गायचं. कुठलं गाणं आधी, कुठलं नंतर हे ठरवायचं. पब्लिक पेंगलं की शेर टाकून उठवायचं. पोलीस पाटील समोर बसलाय का, गावात तणाव आहे का, हे बघून गाणं निवडायचं किंवा मुद्दाम तेच गायचं. वामनदादांनी हे आयुष्यभर केलं. म्हणून त्यांच्या गाण्याकडं नुसती कविता म्हणून बघणं पुरेसं नाही. ते मंडपासाठी बांधलेलं आहे.

भोंग्याचंच बघा. जयंतीचा भोंगा खालचा, जाडा सूर नीट पोचवत नाही, वरचा फेकतो. म्हणून पार्टीचा गळा वरच्या पट्टीत लागतो. ओळीच्या शेवटी तोंड उघडं राहील असा 'आ' किंवा 'ए' आला तर शब्द मैदानाच्या टोकापर्यंत जातो. ओठ मिटणारा शब्द आला तर तिथंच मरतो. मुखडा पुन्हा पुन्हा येतो त्यालाही कारण आहे. कोरसानं मुखडा धरला की मुख्य गाणाऱ्याला श्वास मिळतो, पुढचं कडवं आठवायला सवड मिळते, आणि तिसऱ्या खेपेला पब्लिकच मुखडा म्हणायला लागतं. पुनरावृत्ती म्हणून जिची टर उडवतात ती अशी कामाची वस्तू आहे. खुर्चीत बसून वाचणाऱ्याला ती कंटाळवाणी वाटेल. मंडपात मागं उभी असलेली, कडेवर पोर घेतलेली बाई तिच्या जोरावरच गाणं घरी घेऊन जाते.

तिसरं काम : गळे घडवणं

कुठल्या संगीत विद्यालयात जयंतीचं गाणं शिकवत नाहीत. वामनदादांचं विद्यालय म्हणजे पार्टीतला मुक्काम. आज ह्याच्या घरी भाकर, उद्या त्याच्या. शिष्य मागं कोरसाला बसायचा. आधी मुखडा धरायला शिकायचा, मग कडवं, मग एखाद्या रात्री मुख्य गाणाऱ्याचा गळा बसला की त्याला पुढं ढकलायचे. पास-नापास तिथंच, हजार माणसांपुढं.

ह्या शिक्षणात मुख्य धडा सुराचा नसतो, शब्दाचा असतो. शब्द मधोमध तोडायचा नाही. श्वास अर्थाच्या ठिकाणी घ्यायचा. 'समता' म्हणताना तान मारत बसायचं नाही, नाहीतर लोकांना तान आठवते, समता विसरते. ज्याचं सूरज्ञान कमी पण शब्द खणखणीत, तो ह्या परंपरेत मोठा गायक ठरू शकतो. अभिजात संगीतवाल्यांना हे पटणार नाही. आपल्याला पटायला हवं, कारण इथं गळा विचारासाठी राबतो.

अशा राबत्यातनं वामनदादांनी पिढ्या उभ्या केल्या. प्रतापसिंग बोदडे त्यांचे शिष्य, आणि त्यांनी स्वतःची तेवढीच नावाजलेली गाणी लिहिली. शिष्यानं गुरूची नक्कल न करता आपला गळा आणि आपली लेखणी काढली, हा शिकवणाऱ्याचा खरा निकाल. महाराष्ट्रात आज जयंतीला उभं राहून गाणाऱ्या कितीतरी माणसांची वंशावळ शोधत गेलं तर ती कुठंतरी वामनदादांच्या पार्टीच्या सतरंजीवर येऊन थांबते.

इथं जगातला एक दाखला देतो. आपण काळ्या अमेरिकेचं नाव घेतो ते कवींसाठी आणि पँथर्ससाठी. पण शिकागोत थॉमस डॉर्सी नावाचा काळा माणूस होऊन गेला, १८९९ ते १९९३. आधी ब्लूज वाजवायचा, मा रेनी ह्या गायिकेला साथ करायचा. मग त्यानं ब्लूजचा ठेका भजनात आणला आणि गॉस्पेल गाणं उभं केलं. गाणी लिहिली, छापून स्वतः विकली, १९३० च्या दशकात गायकवृंदांची संघटना बांधली, महालिया जॅक्सनसारख्या गायिकेला बरोबर घेऊन गावोगाव फिरला. शहाण्यांनी त्यालाही नावं ठेवली, बाजारू चाल देवळात आणली म्हणून. तेच तिहेरी काम, तीच टीका. फरक एवढाच की डॉर्सीच्या कागदावर त्याचं नाव छापलेलं होतं. आपल्याकडं छापलेला कागद नव्हता. मग नाव कुठं ठेवायचं?

नाव ठेवायची जागा

नाव शेवटच्या कडव्यात ठेवायचं. ही युक्ती संतांच्या अभंगापासूनची, शाहिरांच्या लावणी-पोवाड्यापासूनची. शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. त्यांच्या एका संग्रहाच्या नावातसुद्धा तो आहे. ह्या नाममुद्रेला अहंकार समजू नका. गाणं तोंडातनं तोंडात फिरणार, गावं बदलणार, चाल बदलणार, चार शब्द बदलणार, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यानं नाव यमकात आणि मात्रेत असं जखडून टाकलं की ते काढायचं तर कडवंच काढावं लागेल. आणि आपण कडवंच काढलं.

आता माझ्या पापाचं सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी इथल्या जयंतीची स्मरणिका मी काढली. स्टेन्सिलवर एक पान उरलेलं, त्यात वामनदादांचं गाणं बसवायचं होतं. गाणं मोठं, पान छोटं. मी शेवटचं कडवं उडवलं आणि खाली 'पारंपरिक' असं टाकलं. कारण वहीत नाव नव्हतं आणि शोधायचा कंटाळा. चार दिवसांनी एक म्हातारे गाणारे बाबा ते पान घेऊन दारात आले.

'काय रे पोरा, हे कुणाचं गाणं छापलंस?'

'पारंपरिक आहे बाबा.'

'परंपरा काय करती? रात्री जागून लिहिती व्हय? तिला पोटं असत्यात व्हय?'

मी गप्प. बाबांनी उभ्या उभ्या शेवटचं कडवं म्हणून दाखवलं. नाव आलं तिथं एक क्षण थांबले. मग म्हणाले, 'आपल्या बापजाद्यांची नावं कुणी लिहून ठेवली न्हाईत म्हणून तुम्ही भाषणं करता. आन् ज्यानं स्वतःचं नाव स्वतः लिहून ठेवलं, त्याचं तू पुसलंस.'

त्या दिवसापासनं 'पारंपरिक' हा शब्द मी फार जपून वापरतो. मागं वळून बघितलं तर घरातही तेच झालं होतं. आमचे तात्या, म्हणजे चुलते, दिवसा कोळसा उतरवायच्या कामाला आणि रात्री पार्टीत ढोलकीला. त्यांची गाण्यांची वही होती, हिरव्या पुठ्ठ्याची, प्रत्येक गाण्यावर चाल आणि लिहिणाऱ्याचं नाव. तात्या गेल्यावर ती रद्दीत गेली. रद्दीवाल्याला दिली ती घरातल्याच शिकलेल्या माणसानं. तो शिकलेला माणूस मीच.

कायदा आणि काम

कुणी म्हणेल, गाणं चळवळीचं, त्यात मालकी कसली आणता? मी पैशाची मालकी आणत नाही. मंडळानं गाणं गावं, पोरांनी नाचावं, वामनदादांना त्याचा आनंदच झाला असता. पण आता गाणं फक्त मंडळाचं राहिलेलं नाही. कॅसेट आली, सीडी आली, आता मोबाईलवर त्याच गाण्याच्या रिमिक्सवर कंपन्या आणि चॅनेलवाले पैसा मिळवतात. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे २००४ साली गेलेल्या माणसाच्या गाण्यावर २०६४ संपेपर्यंत. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकाराचा मानधनातला वाटा आणखी पक्का केला. ज्यांनी आयुष्यभर बिदागीवर दिवस काढले त्यांच्या माघारी हा वाटा कुठं जातो, हा प्रश्न वामनदादांनीच भांडवलदारांना विचारला होता. तो आता फिरून आपल्याच डीजेपाशी आलाय.

आणि पैशाच्याही वर, नावाचा प्रश्न आहे. जी जमात हजारो वर्षं बिननावाची राबली, जिच्या हाताच्या कामावर कुणाची सही नव्हती, तिच्यातल्या एका माणसानं आपल्या कामावर सही केली. ती सही खरवडणं हे बामणी काम आहे, मग ते करणारा हात निळा झेंडा धरणारा का असेना.

कार्यकर्त्या मित्रांना माझ्या चार सूचना आहेत. मंडळात मांडा, भांडा, पण करा.

गाणं लावायचं तर पूर्ण लावा, शेवटच्या कडव्यासकट. डीजेवाल्याला पैसे आपण देतो, त्याला सांगता येतं.

गाण्याआधी माइकवर लिहिणाऱ्याचं नाव घ्या. गायकाचंही घ्या. दोन नावं घ्यायला दहा सेकंद लागतात.

वस्तीतल्या म्हाताऱ्या गाणाऱ्यांच्या वह्या रद्दीत जायच्या आत गोळा करा. त्यांच्या तोंडून गाणी मोबाईलवर धरून ठेवा, चालीसकट. एकाच गाण्याचे चार पाठ मिळाले तर चारही लिहा. कुठला मूळ ते नंतर ठरवू.

आणि वामनदादांवर लिहा. नुसतं 'महाकवी' म्हणून सोडू नका. गाणं उलगडून दाखवा. कुठलं उतरलं, कुठलं फसलं, का फसलं, हे सांगा. ज्याच्यावर टीका करायलाही आपण घाबरतो तो आपल्याकडं देव झालेला असतो, आणि देवाचं पुढं काय होतं हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलंय.

ह्या १४ एप्रिलला एकलहऱ्यात आम्ही एवढंच ठरवलंय : मिरवणूक चौकात आली की पेट्या बंद करायच्या. एक पेटी, एक ढोलकी, आणि ते म्हातारे बाबा. गाणं वामनदादांचं, अख्खं. शेवटच्या कडव्याला पोरांनी नाचायचं थांबायचं आणि नाव ऐकायचं. मग पुन्हा नाचायला कुणाची ना नाही.

जयभीम.